फडक्यांची वाट

दुकानदाराने परत पाठवलेल्या सॅक खोलीच्या मधल्या टेबलावर येऊन पडल्या तेव्हा शिवणखोलीतली सगळी मशीन धडधडत होती. थोरलीने कमरेची कात्री उपसली आणि टेबलाच्या लोखंडी पायावर तीन ठोके दिले. त्या खोलीत घसा फोडला तरी पलीकडच्या मशीनवर ऐकू जात नाही, म्हणून ही रीत तिनेच घातली होती. तीन ठोके पडले की हातात काहीही असो, मशीनवरचा पाय उचलायचा. टाका अर्धा राहिला तर राहू दे, बोटात सुई जाण्यापेक्षा बरं.

सगळ्यांचे पाय उचलले गेले. धाकट्या जावेचं मशीन मात्र एक टाका घालून मग थांबलं. ते नेहमीच तसं थांबायचं. लग्न होऊन आल्यापासून धाकटीने थोरलीचं सगळं ऐकलं होतं, पण दर वेळी एक टाका जास्त घालून. त्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण एका टाक्यासाठी भांडणारी बाई वेडी दिसते हे दोघींनाही ठाऊक होतं.

"खांद्याचे पट्टे उसवलेत," थोरली म्हणाली. "पट्टे कोण शिवतं इथे?"

"मी शिवते," धाकटी म्हणाली. "दोरा कोण देतं, तेही विचारा."

दोरा थोरलीने बदलला होता. जाड दोऱ्याची शिवण तिला गबाळी वाटायची, पोतं शिवल्यासारखी. बारीक दोऱ्याने सॅक कशी देखणी दिसते ते तिने सगळ्यांना ऐकवलं होतं, आणि एकदा ऐकवलेलं परत घ्यायची तिला सवय नव्हती. दुकानदाराचा निरोप असा होता की नदीकाठच्या लांब वाटेवर ह्या सॅक दगा देतात, शिवणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या पाठीवर घेऊन बघाव्यात.

"बघू की. लोकांना ओझं उचलायची अक्कल नाही आणि नावं ठेवायची शिवणीला. मी स्वतः घेऊन जाते. धाकटे, तूही चल. तुझा पट्टा तुझ्याच खांद्यावर उसवतो का ते बघू."

थोरलीची मुलं म्हणाली, आई, ह्या वयात कुठे डोंगर चढतेस. "वय तुमच्या बापाचं झालंय," थोरली म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

नदीची ती वाट फार लांबची. हौशी माणसं मुखापासून उगमापर्यंत चालत जातात, मधे ऋतू पालटला तरी चालतच असतात. ह्या दोघींनी त्यातला घळीचा तुकडा धरला होता. दिसायला सगळ्यात सुंदर आणि चालायला सगळ्यात खडतर तुकडा तोच, असं दुकानदार म्हणाला होता. संध्याकाळी घळीच्या वर मुक्कामघरात पाठ टेकायची आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे उतरायचं.

वाटेच्या नाक्यावर रखवालदार सगळ्यांना थांबवून सांगत होता. "वरच्या अंगाला खूप पाऊस झालाय. दुपारनंतर पाणी चढेल. घळीच्या तोंडाशी वाट फुटते, तिथे दगडावर बाण रंगवलाय. तो खालची वाट दाखवतो, पाण्याच्या कडेची. पण तिथल्या झाडाला फडकं बांधलेलं दिसलं, तर बाणाकडे बघायचंसुद्धा नाही. फडकं आहे म्हणजे खालची वाट बंद. मग फडक्या-फडक्याने वर चढायचं. फडकं नसेल तर खालून खुशाल जा."

धाकटी मान हलवत ऐकत होती. थोरलीने तेवढ्यात एका अनोळखी पोरीची सॅक उलटी करून शिवण तपासायला घेतली होती. "हे कुणी शिवलंय गं? झोपेत शिवलंय का?" रखवालदाराचं बोलणं तिच्या कानावरून गेलं असेल, डोक्यात काही शिरलं नाही. दुसरं कुणी बोलत असलं की ऐकायचं काम धाकटीचं, अशी त्या घरात आधीपासूनच वाटणी होती.

नाक्यावरची तरुण मंडळी भराभर पुढे निघून गेली. दोघी जावा मागे राहिल्या.

नदी जवळ आली तशी थोरलीची बडबड वाढली. ती खडकांना नावं ठेवत होती, वाट आखणाऱ्याला नावं ठेवत होती, धाकटीच्या चालीला तर ठेवतच होती. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. पाणी हिरवंगार होतं, काचेसारखं, आणि तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. पण त्याचा आवाज तिला सोसवेना. सगळी मशीन चालू आहेत आणि एकाही मशीनवर माणूस नाही, असा तो आवाज होता. तो थांबवायला कुणाला पाय उचलायला सांगायचं? वाट कधी कमरेएवढ्या दगडांवरून जाई, कधी कड्याच्या पोटातून, जेमतेम एका बुटाची रुंदी सोडून. अशा जागी थोरली भिंतीकडे तोंड करून सरकायची आणि पलीकडे पोचली की म्हणायची, "हे काय, एवढंच होय?"

दुपारच्या सुमाराला धाकटीचा पट्टा उसवला. उंच दगडावर चढताना टर्र असा आवाज झाला आणि सॅक एका खांद्यावर लोंबकळली.  धाकटी खाली बसली, सुई काढली आणि स्वतःच्या पिशवीतून जाड दोऱ्याचं रीळ काढलं. जुन्या दोऱ्याचं.

ते रीळ बघून थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली.

"घरातून घेऊनच निघालीस? उसवणार हे ठरवूनच आली होतीस म्हणायचं."

"ठरवलं नव्हतं, जाऊबाई. माहीत होतं."

"मग शिव बस. दुहेरी शिव, तिहेरी शिव. मी पुढे होते. चहा गार व्हायच्या आत आलीस तर तुला मिळेल."

"सांभाळून जा. घळीच्या तोंडाशी..."

"मला डोळे आहेत," थोरली म्हणाली आणि चालू लागली. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि ते पाळलं.

घळीच्या तोंडाशी वाट फुटली होती. दगडावर बाण होता, आणि शेजारच्या झाडाला नारिंगी फडकं बांधलेलं होतं. थोरलीने बाण बघितला नाही, तिने कापड बघितलं. जाड विणीचं, पक्क्या रंगाचं, सॅकच्या तळाला लावतात तसलं चिवट कापड. आणि गाठ? बोटभर शेपटी लोंबत ठेवून कुणीतरी खुशाल निघून गेलं होतं. शिवणखोलीत लोंबतं टोक दिसलं आणि थोरलीने ते तसंच सोडलं, असं कधी झालं नव्हतं. तिने गाठ सोडली, फडकं झटकलं आणि घडी करून खिशात घातलं. थोडं वर दुसरं दिसलं, त्याच्या वर तिसरं. थोरली चढत गेली आणि फडकी गोळा करत गेली.

चढता चढता राग उतरला आणि तिच्या मनात एक गोष्ट आली. ती तिने कुणाला सांगितली नसती. पट्टा जिथे सॅकला जोडतात, तिथे आतून ह्या कापडाची पट्टी घातली तर दोरा बारीक असला तरी शिवण धरेल. मुक्कामाला पोचल्यावर धाकटीच्या पट्ट्याखाली आपणच पट्टी घालून द्यावी. तोंडाने काही बोलायची गरज नाही. शिवून पुढ्यात टाकली म्हणजे झालं. मग तर ती एकही फडकं सोडेना. एक फांदीच्या टोकाला होतं, तेसुद्धा काठीने ओढून घेतलं.

अर्ध्या चढावर एक खडक सज्जासारखा बाहेर आला होता. तिथून तिने एकदाच खाली पाहिलं. नदी पार तळाला होती, कड्याला घासून जाणारी, आणि तिच्या काठाने खालची वाट सुतळीएवढी दिसत होती.  थोरली एका मुळाला धरून मागे सरली आणि उरलेला चढ तिने खाली न बघता चढला.

मुक्कामघर म्हणजे दगडी खोली, लांब बाकडी आणि दाराशी बुटांची रांग. तिथल्या आचाऱ्याने तिला चहा दिला. पोरं आतल्या खोलीत पाय वर करून पडली होती. थोरलीने बाकड्यावर फडकी पसरली आणि तळहाताने एकेकाची सुरकुती काढायला लागली.

आचारी चहाची किटली घेऊन जाता जाता थांबला.

"मावशी, ही कुठून आणलीत?"

"झाडांवरून. बघ तरी, एवढं चांगलं कापड उघड्यावर बांधून ठेवलंय. कुणाची हौस म्हणायची ही?"

"सगळी सोडलीत?"

"एक ठेवलं नाही," थोरली म्हणाली, आणि त्यात तिचा तोरा होता.

आचाऱ्याने किटली खाली ठेवली. "घळीच्या तोंडाचंही?"

"ते तर सगळ्यात आधी."

"तुमच्या मागे कोण आहे वाटेवर?"

त्याने ते फार हळू विचारलं. त्याच्या तोंडाकडे बघून तिचे हात आपोआप थांबले. "माझी जाऊ," ती म्हणाली. "का रे?"

त्याने सांगितलं. फडकं आहे म्हणजे खालची वाट बंद, फडकं नाही म्हणजे उघडी. रखवालदाराने नाक्यावर सांगितलं नाही का? आणि सांगता सांगता तो कोपऱ्यातला दोर खांद्यावर घेत होता, आतल्या पोरांना हाका मारत होता. थोरलीची नजर खिडकीबाहेर गेली. खाली नदी दिसत होती. सकाळची हिरवी नदी कुठे नव्हती. मातीच्या रंगाचं पाणी होतं आणि त्यातून एक अख्खं झाड मुळासकट चाललं होतं.

धाकटीने ते ऐकलं होतं. नाक्यावर मान हलवून तिनेच ते ऐकलं होतं. ती घळीच्या तोंडाशी येईल, झाडाकडे बघेल, फडकं नाही म्हणेल आणि बाणाच्या मागे निश्चिंत चालू लागेल. दुसरं कुणी असतं तर चुकून वाचलं असतं. नीट ऐकणारी बाईच नेमकी मरायच्या वाटेला लागेल.

"आम्ही खालच्या वाटेच्या ह्या टोकाने उतरतो," आचारी म्हणाला. "तुम्ही इथेच बसा, मावशी."

आयुष्यात कुणी बस म्हटल्यावर थोरली बसली नव्हती. तिने फडकी कवेत घेतली, पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि आली त्या वाटेने पळत सुटली.

पळत म्हणजे तिच्या वयाची बाई पळेल तशी. गुडघे कुरकुरत होते, बुटांखालून खडी सरकत होती. दोनदा बसली, एकदा आडवी झाली, तळहात सोलून निघाले. दिवस अजून होता, पण घळीत ऊन राहिलं नव्हतं, सगळं राखेच्या रंगाचं झालं होतं. फडकी नसल्यामुळे तिलाच वाट सापडेना. येताना कापडाच्या मागे मान वर करून आलेली ती, झाडांकडे तिने बघितलंच कुठे होतं? प्रत्येक वळण सारखं दिसायला लागलं. एका ठिकाणी वाट संपली आणि पुढे नुसता उतार निघाला. थोरली तिथे उभी राहिली आणि तिला कळलं की आपल्याला रडू येतंय. "गप," ती स्वतःला म्हणाली, घरातल्या पोरांना म्हणायची तसं. परत वर चढली, दुसरी बाजू धरली आणि ते मूळ दिसलं. सज्जाचा खडक.

ह्या खेपेला खाली बघणं भाग होतं. ती पोटावर झोपली आणि काठापर्यंत सरकली.

पाणी वर आलं होतं. सुतळीएवढी वाट काही ठिकाणी पाण्यात बुडून पुढे पुन्हा निघत होती. आणि त्या वाटेवर सॅक चालत होती. एवढ्या उंचावरून धाकटी दिसतच नव्हती, नुसती सॅक दिसत होती, मुंगीने साखरेचा दाणा न्यावा तशी. फडकं नाही म्हणजे वाट उघडी, ह्या भरवशावर सॅक शांतपणे चालली होती. पुढच्या वळणापलीकडे वाट नव्हती. तिथे पाणी सरळ कड्यावर आपटत होतं. थोरलीला वरून ते दिसत होतं, धाकटीला दिसायला अजून ते वळण ओलांडायला हवं होतं.

"धाकटे!"

त्या आवाजाने शिवणखोली चळाचळा कापायची. इथे तो तिच्या स्वतःच्याच कानापर्यंत नीट पोचला नाही. नदीने तो तोंडातूनच काढून घेतला. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली, घशात कळ आली. सॅक चालतच होती.

तेव्हा तिचा हात कमरेकडे गेला. घरून निघताना सून म्हणाली होती, आई, डोंगरावर कात्री कशाला? कात्रीशिवाय मला उघडं वाटतं, असं थोरलीने तिला सांगितलं होतं. तिने बाटलीतलं पाणी ओतून टाकलं, कारण भरलेलं भांडं वाजत नाही. रिकामी बाटली उलटी धरली आणि कात्रीची मूठ हाणली.

ठण. ठण. ठण.

आणि मग तिने श्वास धरला. ह्या आवाजाला धाकटी इतकी वर्षं थांबत आली होती. पण कशी थांबत आली होती? एक टाका जास्त घालून. सॅक वळणाच्या टोकाशी होती. एक पाऊल जास्त टाकायला तिथे जागा नव्हती. "आजच्या दिवस," थोरली पुटपुटली, "आजच्या दिवस ऐक गं बाई, माझ्यावर उपकार कर."

सॅक थांबली. नाही, थांबली नव्हती. ती अर्धी वळली, एकदम खाली गेली आणि कड्याला चिकटून तिथेच राहिली.

थोरलीने पुन्हा ठोके दिले. कितीतरी वेळ सॅक हललीच नाही. मग एक हात वर आला. थोरलीने एक नारिंगी फडकं काढलं आणि अंग अर्धं कड्याबाहेर काढून ते हलवलं. मागे फिर, मागे फिर. खालचा हात स्थिर राहिला आणि मग सॅक मागे सरकायला लागली, भिंतीला घासत, इंचाइंचाने, बुडालेल्या तुकड्यांतून.

झाडीमुळे तिथून पुढचं दिसेना. थोरली उठली आणि घळीच्या तोंडाकडे उतरली. कशी उतरली ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. बाण रंगवलेल्या दगडाला पाणी लागलं होतं. तिने पहिलं फडकं झाडाला बांधायला घेतलं, पण बोटं ऐकेनात. सगळ्या घराला सुईत दोरा ओवून देणारी बोटं, त्यांना एक साधी गाठ बसेना. दातांनी ओढून ती कशीबशी बसवली आणि ती खालच्या वाटेकडे बघत उभी राहिली. वाटेवर कुणी नव्हतं. नुसतं पाणी होतं, आणि ते वर येत होतं. तिने ठोके दिले. उत्तर आलं नाही. पुन्हा दिले. पाण्यातून एक पाणबाटली तरंगत गेली, धाकटीची होती की नव्हती हे कळायच्या आत गेली.

मग खडकाआडून आधी हात आला आणि मागून धाकटी. मांडीपर्यंत भिजलेली, तोंड पांढरंफटक. सॅक पाठीवर होती. थोरलीने तिला मनगटाला धरून वर ओढलं आणि मनगट सोडायचं विसरली.

दोघी झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्या.

"ठोके ऐकू आले," धाकटी म्हणाली. दात वाजत होते तिचे. "मला वाटलं, भास झाला. इथेही ही बाई पाठ सोडत नाही असं मनात आलं आणि एक पाऊल टाकलंच मी."

"टाकलंसच."

"टाकलं. तिथे खाली काहीच नव्हतं, जाऊबाई. गेलेच होते. कड्यात आधाराच्या साखळीचा जुना खुंटा आहे, त्यात पट्टा अडकला." तिने खांदा पुढे केला. पट्ट्याचं कापड फाटून लोंबत होतं. नुकतीच घातलेली जाड दोऱ्याची शिवण तेवढी जशीच्या तशी होती.

थोरलीने त्या शिवणीवरून बोट फिरवलं. सकाळी हीच शिवण तिला पोत्यासारखी दिसली असती.

"दुसराही पट्टा पक्का करून निघाले, म्हणून मागे पडले. फडकं नव्हतं म्हणून मी खालून गेले," धाकटी म्हणाली. मग तिची नजर वर झाडाकडे गेली, त्या दातांनी ओढलेल्या गाठीकडे, आणि तिथून थोरलीच्या कवेतल्या बोळ्याकडे. 

दुसऱ्या कुणीतरी सोडली म्हणून सांगता आलं असतं. वाऱ्याने, माकडांनी, पुढे गेलेल्या टवाळ पोरांनी. थोरलीच्या जिभेवर तिन्ही आली होती.

"मी सोडली," ती म्हणाली. "सगळी."

"कशाला?"

"तुझ्या पट्ट्याखाली घालायला."

धाकटीने पट्ट्याचं फाटकं टोक मुठीत धरलं.   "सांगायचं तरी होतं," ती म्हणाली. "नाहीतर मला तरी सांगू द्यायचं. मी सांगत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, मला डोळे आहेत."

थोरली बोळ्यातली फडकी एकेक करून मोजायला लागली. 

वरून आचाऱ्याच्या हाका आल्या. ती पोरं दुसऱ्या टोकाने पाणी बघून परत फिरली होती आणि आता वरच्या वाटेने येत होती. त्यांना ओ देऊन दोघी उठल्या.

"उठा," धाकटी म्हणाली. "मी पुढे होते. तुम्ही मागून या, आणि जिथलं फडकं तिथे बांधत या. कुठलं कुठे होतं ते आठवतंय ना?"

"चढताना बघितली नव्हती, पण उतरताना एकेक झाड बघितलंय."

"दोन गाठी मारा."

थोरलीने दोन गाठी मारल्या. लोंबती शेपटी तशीच ठेवली, कारण वाऱ्यावर हलली तरच ती लांबून दिसते, हे तिला आता कळत होतं. पुढे धाकटी चढत होती. फाटका पट्टा तिने हाताने धरला होता आणि तिचा ओला बूट प्रत्येक पावलाला पचपच करत होता. थोरलीची नजर त्या बुटावरून हलेना. वाटेची कड जवळ आली, बूट जरासा त्या बाजूला पडला, की तिचा हात आपसूक कात्रीवर जायचा. मुक्कामघराचा दिवा दिसला तरी तो हात तिथेच होता.